विकायची आहे का गाडी?

गेल्या काही महिन्यांची पत्रं एकत्र वाचायला घेतली, तर बरीचशी एकाच प्रश्नाभोवती फिरताना दिसली. सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या माणसाने काच खाली करून विचारलं, कुणी वायपरखाली चिठ्ठी खोचून गेलं, कुणी थेट दाराची बेल वाजवली. प्रश्न तोच: विकायची आहे का गाडी?

मी सत्तावीस वर्षं वाहनविम्याची सर्व्हेअर होते. आपटलेल्या, बुडालेल्या, जळालेल्या आणि चोरीला जाऊन सापडलेल्या गाड्या बघून अहवाल लिहायचा, हे माझं काम. त्यातून एक गोष्ट मनात पक्की बसली. न बोलावता आलेल्या गिऱ्हाइकाने तुमची गाडी आधीच नीट पाहिलेली असते. आपल्याला ती का हवी, हे त्याला माहीत असतं आणि तुम्हाला ते माहीत नसतं. म्हणून भावाचं बोलणं सुरू होण्याआधी ते 'का' शोधा, असं मी सगळ्यांना सांगते. या वेळचा सगळा स्तंभ याच पत्रांना देते आहे.

*

प्रश्न : ताई, वडील जाऊन दोन वर्षं झाली. त्यांची जुनी फोक्सवॅगन बीटल गॅरेजमध्ये झाकून ठेवली आहे. रंग उडालाय, चारही टायर बसलेत. मागची काच अगदी लहान, अंड्यासारखी लांबट गोल आहे. तिच्यातून मागचं काही दिसत नाही म्हणून आई कायम कुरकुरायची. एका गृहस्थांनी दोनदा दाराखालून चिठ्ठी सरकवली. गेल्या रविवारी ते स्वतः आले, नोटांचं पुडकं टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, 'आजच्या आज उचलतो, कागद नसले तरी चालेल.' आई म्हणते देऊन टाक. भाऊ म्हणतो याच्या तिप्पट मिळतील. माणूस बोलायला फार सभ्य होता. काय करू?

उत्तर : दादा, तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट आईच्या कुरकुरीत आहे. बीटलची मागची काच सुरुवातीला मधोमध दांडी असलेली, दोन तुकड्यांची होती. १९५३ साली ती अंडाकृती झाली आणि १९५७ नंतर मोठी चौकोनी. बीटल शेवटी २००३ च्या जुलैमध्ये मेक्सिकोतल्या पुएब्ला इथे बनायची थांबली. तोवर दोन कोटी पंधरा लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या होत्या, पण अंडाकृती काचेच्या त्यातल्या मोजक्याच वर्षांच्या. तुमच्या वडिलांची गाडी त्यांपैकी असावी. त्या गृहस्थांनी तुमच्या गॅरेजचं दार उघडं असताना तेवढी काच पाहिली असेल, तरी त्यांना पुरेसं आहे.

आता काच म्हणजे सगळी गाडी नव्हे, त्यामुळे भावाच्या 'तिप्पट'लाही सध्या आधार नाही. येत्या सुट्टीच्या दिवशी दोघं भाऊ मिळून कव्हर काढा. मागची सीट उचला. मधल्या बोगद्यासारख्या उंचवट्यावर चेसिस नंबर ठोकलेला दिसेल. तो कागदावरच्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळतो का बघा. मग मागचं झाकण उघडा. डायनॅमो ज्या बैठकीवर बसवलाय, तिच्या खाली इंजिनचा नंबर असतो. गाडीबरोबर आलेलंच इंजिन अजून असेल, तर जाणकार त्याचे वेगळे पैसे मोजतात. मागच्या सीटखालीच उजव्या बाजूला बॅटरी असते. तिच्या आम्लाने खालचा पत्रा खाल्ला जातो. तिथे स्क्रूड्रायव्हरची मूठ हलकेच आपटा. खणखणीत आवाज आला तर बरं, भुसभुशीत आला तर पत्रा बदलण्याचा खर्च धरून चाला. एक छोटं चुंबक फडक्यात गुंडाळून दारांच्या खालच्या कडांवरून फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. सगळ्याचे फोटो काढा आणि जुन्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या दोन वेगवेगळ्या माणसांना दाखवा. त्यांना तुमची गाडी विकत घेण्यात रस नसावा, एवढं मात्र पाहा.

१९७० साली जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञांनी जुन्या गाड्यांच्या बाजाराचंच उदाहरण घेऊन एक निबंध लिहिला. गाडीची खोट विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते, आणि त्या धास्तीने घेणारा चांगल्या गाडीलाही कमीच भाव देतो, असं त्यांचं म्हणणं. २००१ च्या नोबेलमागे हे काम होतं. तुमच्या दारात मात्र हे उलटं झालंय. इथे माहिती घेणाऱ्याकडे आहे आणि अंधारात तुम्ही आहात. टेबलावरच्या रोख रकमेचं कामच हे असतं, की तुम्ही दिवा लावायच्या आत व्यवहार उरकावा.

आणि 'कागद नसले तरी चालेल' हे वाक्य मला अजिबात आवडलेलं नाही. सुटे भाग काढण्यापुरतीच गाडी हवी असेल, तर तसं म्हणणारा माणूस प्रामाणिकही असू शकतो. पण मी एकदा एक गाडी तपासली होती. चालकाच्या पायाखालचा गालिचा उचलला तेव्हा चेसिस नंबराभोवती वितीएवढा चौकोन दिसला. चारही बाजूंनी वेल्डिंगची रेघ, वरून काळा रंग मारलेला. बोट लावलं तर अजून चिकट होता. कुणाच्या तरी घरासमोर पडून राहिलेल्या म्हाताऱ्या गाडीचा नंबर कापून चोरीच्या गाडीत बसवला होता. गाडी 'भंगारात दिली' एवढंच त्या मूळ मालकाला आठवत होतं. कुणाला दिली, ते त्याने लिहूनच ठेवलं नव्हतं.

वडिलांच्या नावावरची गाडी आधी वारसाच्या नावावर करून घ्यावी लागेल. त्याला आईची आणि भावाची लेखी संमती लागेल. तोपर्यंत इसार म्हणूनसुद्धा एक पैसा घेऊ नका. त्या गृहस्थांना फोन करून सांगा की कागद पूर्ण व्हायला वेळ लागेल, तुमचं नाव-पत्ता लिहून द्या, विकायचं ठरलं तर पहिला फोन तुम्हाला करू. खरोखर बीटलच्या वेडाने आलेला माणूस थांबतो. अशी माणसं चार-चार वर्षं थांबलेली मी पाहिली आहेत.

*

प्रश्न : ताई, ऑफिसच्या पार्किंगमध्ये दोघांनी माझ्या गाडीची चौकशी केली आणि चांगला भाव बोलले. मीही गाडी बदलायच्या विचारात होते, म्हणून दुसऱ्या दिवशी घरी बोलावलं. एकजण माझ्याशी विम्याबद्दल बोलत राहिला, दुसऱ्याने बोनेट उघडलं. पाच मिनिटांत त्याने हाक मारली, 'मॅडम, इंजिन गेलंय.' कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, टाकीत खरोखरच तेल तरंगत होतं, सोनेरी रंगाचं. हेड गॅस्केट उडालंय म्हणाले आणि आदल्या दिवशीच्या निम्म्या भावात न्यायला तयार झाले. मी घाबरून 'कळवते' म्हणाले. रोज फोन येतोय. गाडीने आजवर कधी त्रास दिलेला नाही. इंजिन खरंच गेलं असेल का? आणि हो, त्यांनी समोरच्या काचेखालच्या नंबराचा फोटोही काढला.

उत्तर : 'कळवते' म्हणालात, फार चांगलं केलंत. तुमचं इंजिन धडधाकट असण्याची शक्यता मला खूप वाटते, आणि कारण तुम्हीच लिहिलंय: तेल सोनेरी होतं.

इंजिनमध्ये काही महिने फिरलेलं तेल काळपट होतं. आता डिपस्टिक बाहेर काढा, पांढऱ्या फडक्याला पुसा आणि तुमच्या इंजिनातलं तेल कसं दिसतं ते पाहा. ते काळं आणि टाकीतलं सोनेरी, तर टाकीतलं तेल तुमच्या इंजिनातून आलेलंच नाही, कुणीतरी बाटलीतून ओतलंय. दुसरी खूण अशी, की गॅस्केट (इंजिनात तेल आणि कूलंट वेगळं ठेवणारी चकती) फुटून तेल खरोखर कूलंटमध्ये गेलं तर चालत्या इंजिनात ते दोन्ही घुसळलं जातं आणि त्याचा मलईसारखा पिवळट-पांढरा चिकटा होतो. वर स्वच्छ, वेगळा थर तरंगतोय म्हणजे ते घुसळलं जायला वेळच मिळालेला नाही. शिवाय गॅस्केट गेलेली गाडी सहसा आधी सांगते. तापमानाचा काटा वर जातो, कूलंट कमी होत राहतं, मागून पांढरा धूर येतो. यातलं काही तुमच्या पत्रात नाही.

हा डाव बराच फिरलेला आहे. एकाने मालकाला बोलण्यात गुंतवायचं आणि दुसऱ्याने खिशातल्या छोट्या बाटलीतून टाकीत तेल सोडायचं. कधी सायलेन्सरच्या नळकांड्यातही थोडं टाकतात, म्हणजे गाडी सुरू केली की भसाभसा धूर निघतो आणि मालकाचं अवसान गळतं. म्हणून कुणीही गाडी बघायला आलं की बोनेट तुम्ही उघडायचं आणि ते मिटेपर्यंत तिथून हलायचं नाही. दोघे आले असतील तर आपल्या बाजूनेही दोघांनी उभं राहायचं.

आता तातडीचं सांगते. ते तेल काढल्याशिवाय गाडी चालवू नका. कूलंटचे रबरी पाइप खनिज तेलाने फुगतात आणि मऊ पडतात. तेल फिरत राहिलं तर जे इंजिन आज चांगलं आहे त्यालाच उद्या पाइप फुटून इजा होईल. गाडी ओढून तुमच्या नेहमीच्या मेकॅनिककडे न्या, सगळी कूलंट यंत्रणा धुऊन घ्या आणि मग गॅस्केटची रासायनिक चाचणी करायला सांगा. त्यात एक निळा द्रव वापरतात. कूलंटमध्ये इंजिनातला जळका वायू शिरत असेल तर तो पिवळा पडतो. द्रव निळाच राहिला की तुमची शंका फिटेल. त्या दोघांचे फोन नंबर आणि आल्याची तारीख-वेळ लिहून पोलिसांत द्या. तुमचं नुकसान थोडक्यात टळलंय, पण पुढच्या घरी तसं होईलच असं नाही.

तुम्ही शेवटी एका ओळीत लिहिलंय, की त्यांनी समोरच्या काचेखालच्या नंबराचा फोटो काढला. तो गाडीचा ओळख क्रमांक, सतरा अक्षरी. (त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, एक आणि शून्याशी घोळ होऊ नये म्हणून. एखाद्या कागदावर ती दिसली तर तो कागद तिथेच बाजूला ठेवावा.) तो नंबर बाहेरून कुणालाही दिसतो, म्हणून घाबरून जाण्यासारखं काही नाही. पण त्याच मॉडेलच्या, त्याच रंगाच्या चोरीच्या गाडीला तुमचा नंबर लावतात, असंही होतं. आपल्या गाडीच्या ओरखड्यांचे, स्टिकरचे, सीटवरच्या डागांचे तारखेसह फोटो काढून ठेवा. कधी न गेलेल्या गावचा दंड आला तर 'ती गाडी माझी नाही' हे त्यावरून दाखवता येईल.

*

प्रश्न : एका गृहस्थांनी मेसेज केला की गाडी न बघताच घेतो, चेक पाठवतो. चेक ठरल्यापेक्षा मोठ्या रकमेचा आला. वरचे पैसे गाडी न्यायला येणाऱ्या वाहतूकदाराला द्या म्हणतात. खात्यात रक्कम दिसते आहे. देऊ का?

उत्तर : देऊ नका. चेकची रक्कम खात्यात दिसणं आणि तो चेक खरोखर वटणं यांत काही दिवसांचं अंतर असू शकतं. चेक खोटा निघाला की बँक ती रक्कम परत ओढून घेईल आणि वाहतूकदाराला दिलेले पैसे तुमच्या खिशातून गेलेले असतील. बँकेत स्वतः जा, चेक दाखवा, आणि तो पूर्ण वटल्याची खात्री बँकेच्याच माणसाकडून करून घ्या. गाडी न बघता भावापेक्षा जास्त देणाऱ्याला तुमची गाडी नकोच असते. फोनवरून पैसे पाठवणाऱ्यांचंही तेच. पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. कुणी टाकायला सांगितला तर फोन ठेवा.

*

प्रश्न : जिथून गाडी घेतली त्या शोरूमकडून दर दोन-तीन महिन्यांनी पत्र येतं, 'आमच्याकडे तुमच्याच गाडीसाठी ग्राहक थांबला आहे.' खरं असतं का?

उत्तर : बहुतेक वेळा तेच पत्र त्या मॉडेलच्या सगळ्या मालकांना गेलेलं असतं आणि तुम्ही नवी गाडी घ्यायला यावं हा त्यामागचा हेतू असतो. कधी कधी मात्र गरज खरी असते. २०२१ मध्ये इलेक्ट्रॉनिक चिपांच्या टंचाईमुळे नव्या गाड्यांचं उत्पादन अडलं आणि जुन्या गाड्यांना एकाएकी मागणी आली, तेव्हा अशी पत्रं मनापासून लिहिली जात होती. भाव विचारायला हरकत नाही. फक्त जुन्या गाडीचा भाव आणि नव्या गाडीची सूट वेगवेगळ्या कागदांवर लिहून मागा. एकत्र लिहिलं की कशात किती दिलं ते कळत नाही.

*

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी पेट्रोल पंपावर भेटलेल्या एकाला मोटारसायकल विकली. पैसे रोख मिळाले, कागद दिले, 'नावावर मी करून घेतो' म्हणाला. आता माझ्या नावावर दंडाच्या नोटिसा येताहेत. त्याचा फोन लागत नाही.

उत्तर : हे वाचताना माझ्या पोटात खड्डा पडला, कारण यातून मी गेले आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी माझी स्कूटर मी अशीच रस्त्यात विचारणाऱ्या एका मुलाला दिली. दीड वर्षाने सकाळी सातला दारात पोलीस. त्या स्कूटरने एका म्हाताऱ्या बाईंना धडक दिली होती आणि चालवणारा पळून गेला होता. नोंदणीत नाव माझं. त्या बाई वाचल्या, हे आधी सांगते. माझी सुटका झाली ती विकल्याच्या दिवशी वहीत लिहून घेतलेल्या चार ओळींमुळे: तारीख, वेळ, काट्यावरचे किलोमीटर आणि त्या मुलाची सही. वडिलांनी दटावून लिहायला लावल्या होत्या, नाहीतर मी तेवढंही केलं नसतं. तरी आठ महिने खेटे घालावे लागले. रोज दुसऱ्यांच्या गाड्यांचे कागद तपासणारी मी, स्वतःच्या गाडीला ते केलं नाही, याची बोच अजून आहे.

तुम्ही आजच नोंदणी कार्यालयाला लेखी कळवा, की गाडी अमुक तारखेला अमुक माणसाला विकली आणि ताबा दिला. पोच घ्या. पोच नसलेल्या अर्जाला काही अर्थ नाही. त्या दिवशी बँकेत रोख भरली असेल तर त्याची नोंद, त्या माणसाशी झालेले मेसेज, पंपावर बरोबर कुणी असेल तर त्याचं लेखी म्हणणं, जे मिळेल ते जोडा. पोलिसांतही अर्ज द्या. विमा अजून तुमच्या नावाने चालू असेल तर कंपनीला कळवा. जुन्या नोटिसा दुर्लक्षून फेकू नका, प्रत्येकीला मुदतीत उत्तर द्या.

बाकी वाचकांसाठी सांगते, नावावर करण्याचा अर्ज घेणाऱ्याबरोबर स्वतः जाऊन द्या आणि किल्ली त्यानंतरच त्याच्या हातात द्या. 'मी करून घेतो' म्हणणारा वाईटच असतो असं नाही. बहुतेक जण नुसता आळस करतात, पण भोगावं तुम्हालाच लागतं.

*

प्रश्न : ताई, मी दुसऱ्या बाजूचा आहे. रोजच्या वाटेवर एका अंगणात जुनी व्हेस्पा पावसात उभी असते. मला ती घेऊन नीट करायची फार इच्छा आहे. पण लोक मला लबाड समजतील म्हणून आत जायचं धाडस होत नाही. कसं विचारू?

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. विचारा, नक्की विचारा. उजेडात जा, एकटे जा. अंगणात शिरून आधी स्कूटरला हात लावू नका, कव्हर उचलू नका, थेट दाराशी जा. स्वतःचं नाव सांगा, कुठे राहता ते सांगा आणि ती का हवी आहे ते खरं खरं सांगा. भाव पहिल्या भेटीत बोलू नका आणि खिशात पैसे घेऊन जाऊ नका. पूर्ण नाव, पत्ता आणि फोन लिहिलेला कागद द्या आणि निघा. 'विकायची नाही' म्हणाले तर पुन्हा बेल वाजवू नका. कागद त्यांच्याकडे आहेच.

त्यांनी बोलावलं तर बसून नीट बघा. व्हेस्पाला वेगळी चौकट नसते, दाबून घडवलेला पत्रा हीच तिची चौकट. म्हणून पाय ठेवायच्या जागेखाली वाकून पाहा. तिथे गंजाने भोकं पडली असतील तर वरून कितीही रंग दिला तरी ती स्कूटर सरळ चालणार नाही. जे दिसेल ते मालकालाही दाखवा, चांगलं आणि वाईट दोन्ही.

आणि मालकाने सांगितलेला भाव अवाच्या सवा वाटला तर रागावू नका. १९९० साली कानेमान, नेच आणि थेलर या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात काही विद्यार्थ्यांना साधे कॉफीचे मग दिले होते. ज्यांना ते मिळाले, त्यांनी ते विकायला साधारण दुप्पट किंमत मागितली, त्याच मगाला बाकीचे जेवढी द्यायला तयार होते तिच्या. तो मग त्यांच्या हाती येऊन थोडाच वेळ झाला होता. त्या अंगणातली स्कूटर कदाचित तीस वर्षं घरात आहे. तिच्यावरून कोण शाळेत गेलं, कोण पडलं, ते ऐकून घ्यायची तयारी ठेवा. भाव मग दुसऱ्या किंवा तिसऱ्या भेटीत बोला, आणि ठरला तर नोंदणी कार्यालयात त्यांच्याबरोबर जाऊन त्याच दिवशी अर्ज द्या. काय झालं ते मला नक्की कळवा.